शंभर अधिक शंभर
घरात दोन इंटरनेट जोडण्या घेतलेले शेजारी हल्ली हटकून विचारतात: शंभर अधिक शंभर म्हणजे दोनशे एमबीपीएस ना? नाही हो! दोन वॅनचा, म्हणजे दोन इंटरनेट जोडण्या घेणारा राउटर घरातली कामं दोन्ही लाइनींवर वाटून देतो, पण एकटं डाउनलोड सहसा एकाच लाइनीवरून येतं. वेग खरोखर जोडायचा तर पलीकडे तुकडे जुळवणारा सर्व्हरही लागतो. शिवाय लाइन बदलून आयपी पत्ता मधेच बदलला की बँकेची साइट बाहेर काढू शकते. म्हणून वाचकहो, बेरजेचा नाद सोडा, फेलओव्हर लावा: एक बंद पडली की दुसरी चालू. दुसरीही फायबरच, त्याच चरातून आलेली नको. रस्ता खणला की दोन्ही एकदम जातात. त्यापेक्षा फाइव्ह-जी सिम घ्या. आणि राउटर इन्व्हर्टरवर टाकताना फायबरचा तो छोटा ओएनटी डबाही टाका, लोक नेमका तोच विसरतात.