पिठ्ठूला रस्ता द्या

चंदीगड वसवताना सर्वांत आधी जे भाग उभे राहिले, त्यांतला एक सेक्टर २२. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या वास्तुविशारद दांपत्याचा तिथल्या आखणीत मोठा वाटा होता. शहराचा आराखडा आखणारे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी तिथले रस्ते सात प्रकारांत विभागले. भरधाव वाहनांनी सेक्टरच्या बाहेरूनच जावं आणि मुलांना मोठा रस्ता न ओलांडता शाळा गाठता यावी, हा त्यामागचा एक हेतू होता. पंजाबी पोरांचे पिठ्ठू, गुल्ली-डंडा, कंचे, स्टापू अशाच मोकळ्या रस्त्यांवर रंगायचे. आपल्याकडे तीच लगोरी, तोच विटीदांडू, त्याच गोट्या आणि तीच ठिकरी. त्यांचं कोकला छपाकी तर आपल्या 'मामाचं पत्र हरवलं'चं सख्खं भावंड.

आज माणशी वाहनांच्या प्रमाणात चंदीगड देशात वरच्या क्रमांकावर आहे, आणि घरासमोरची जागा गाड्यांना गेली आहे. लगोरी फोडून पळायचं कुठे?

'हल्लीच्या मुलांना हे खेळ जुनाट वाटतात' असं म्हणणं हा मुलांवर अन्याय आहे. त्यांना हे खेळ भेटतात ते शाळेच्या 'पारंपरिक खेळ दिना'ला, शिट्टीच्या तालावर, मोबाइलच्या कॅमेऱ्यांसमोर. मग ती मुलं त्यांच्याकडे आजीच्या नऊवारीसारखंच पाहणार: वर्षातून एकदा नेसायचं, फोटो काढायचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२२ साली लंगडी, गिल्ली-दंडा यांसह ७५ भारतीय खेळ शाळांत आणायचं ठरवलं. चांगलंच केलं. पण तासाला बांधलेल्या खेळात गल्लीचा जीव कुठून येणार?

तो जीव होता मुलांच्या स्वतःच्या राज्यात. राज्य कोणावर, आउट कोण, रडीचा डाव कोण खेळलं, सगळ्याचा निवाडा तीच करत. भांडत, कट्टी घेत आणि संध्याकाळ संपायच्या आत पुन्हा भिडू होत. कुणाचा धाकटा भाऊ मागे लागला तर तो 'कच्चा लिंबू'. त्यानेही पळायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. दुबळ्याला सामावून घेणारा हा नियम कुठल्याही प्रशिक्षकाने शिकवलेला नव्हता. मोबाइलवरच्या खेळाचे नियम कंपनी ठरवते. त्यात पोराला असा कच्चा लिंबू करून घेता येत नाही.

गुरुग्रामने २०१३ साली 'राहगिरी' सुरू करून रविवारी सकाळी रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवले आणि लोक खेळायला उतरले. सेक्टर २२ मधल्या घरांपुढच्या रस्त्यांना ते सहज जमेल. पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांनाही जमेल. रोज संध्याकाळी दोन तास आवारातल्या गाड्या एका बाजूला घ्या, 'खेळण्यास मनाई'ची पाटी काढा, सात चपटे दगड आणि एक चेंडू ठेवा. आणि मोठ्यांनी तिथे थांबू नये.