साहेबांची थडगी वाचून झाली, आता शेजाऱ्यांकडे चला



बेळगाव कॅम्पातल्या आमच्या मंडळीतील काही तरुणांनी गेल्या वर्षी आपल्या गल्लीचा इतिहास लिहायचं मनावर घेतलं. रविवारची उपासना आटोपली की सात-आठ जण वही आणि मोबाइल घेऊन निघतात. वयाने मोठा म्हणून त्यांनी मलाही ओढलं. काम चांगलं आहे, म्हणूनच थोडं स्पष्ट लिहितो.

सुरुवात आम्ही जुन्या कबरस्थानापासून केली. शेवाळ घासून दगडांवरची नावं वाचली, फोटो काढले. चार महिने त्यातच गेले, आणि हाती आली ती सगळी साहेब-मडमांची नावं. 1818 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, 1820 साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर इथे आले, 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडे गेलं. हे पुस्तकांत आहेच, कुठे पळून जात नाही.

गल्लीतली ब्याण्णव वर्षांची आजी मात्र गेली. तिची आई प्लेगच्या वर्षांत गावाबाहेर माळावरच्या झोपडीत जन्मली, असं ती सांगायची. कुठला माळ, सोबत कोण होतं, घरी परत कधी आले, हे विचारायला ‘पुढच्या रविवारी जाऊ’ असं आम्ही तीनदा म्हटलं. चौथ्या रविवारी तिच्या मातीला गेलो. तिच्या आईच्या कबरीवर लाकडी क्रूस होता म्हणे. लाकूड किती टिकणार? आमच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज असेच आहेत. बटलर, आया, शिपाई. दगडाची ऐपत कुणाची होती?

त्यांची आठवण कधीकधी शेजाऱ्यांकडेच असते. पलीकडच्या मावशींच्या सासूचं बाळंतपण मिशनच्या नर्सबाईंनी केलं. त्या बाईंचं नाव आमच्या वहीत नाही, मावशींना पाठ आहे. समोरच्या चाचांचे आजोबा गवंडी. देवळाच्या भिंतीचा चुना आपल्याच घाणीतला, असं चाचा सांगतात. खरं-खोटं नंतर बघू, पण त्यांच्या दारात आमच्यातला एकही जण अजून गेलेला नाही.

एका काकांनी मला बाजूला घेतलं. “आमचे आजोबा आधी कोण होते ते उकरू नका हो, नातीचं लग्न व्हायचंय.” मुलं म्हणतात, लपवायचं कशाला? मला काकांची भीती खोटी वाटत नाही. ज्या घरची गोष्ट, त्या घरचा शब्द शेवटचा. लिहून घ्यावं, पाकिटात बंद करून त्यांच्याच हाती द्यावं. छापायचं की नाही, ते नातवंडं ठरवतील.

बाप्तिस्म्याच्या वहीत तमिळ, कन्नड, मराठी, सगळीच नावं शेजारी-शेजारी आहेत. ‘मूळचे कोण’ हे सिद्ध करायला (आपल्या सीमाभागात हा प्रश्न चहाबरोबरच येतो) ही वही कामाची नाही.

वाचकांनी घरचं जुनं पवित्र शास्त्र जरूर उघडून बघावं. पहिल्या कोऱ्या पानावर वाडवडिलांनी जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिलेल्या सापडतात. आमची मुलं फोटो काढतील, पुस्तक घरातच राहू द्या.

चाचांना मी निरोप दिलाय, येत्या रविवारी चार वाजता. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत.

— एक वाचक, कॅम्प, बेळगाव