किंमत कोटीची, मग सबब कसली?

आलिशान गाडी वारंवार बिघडली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : एवढं इलेक्ट्रॉनिक्स, एवढे सेन्सर, म्हटल्यावर कुरबुरी व्हायच्याच. हे मला साफ नामंजूर आहे.

१९८९ साली अमेरिकेत आलेली लेक्सस एलएस ४०० त्या काळाच्या मानाने काही साधी गाडी नव्हती. विक्री सुरू होऊन काही महिने होतात तोच ब्रेकलाइट आणि वायरिंगच्या तक्रारी आल्या, त्याही अगदी मोजक्या. तरी कंपनीने सुमारे ८,००० गाड्या परत मागवल्या. डीलर घरून गाडी नेत, दुरुस्त करत आणि धुऊन, टाकी भरून परत आणून देत. जेमतेम २० दिवसांत सगळं काम उरकलं. दोष तिथेही होता. पण कंपनीने तो दडवला नाही.

आपल्याकडे काय होतं? एअर सस्पेन्शनचं घ्या. गाडी हवेवर तोलून धरणाऱ्या रबरी फुग्याला बारीक चीर जाते, रात्रभरात हवा गळते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी जळतो. सर्व्हिस सेंटर कॉम्प्रेसर बदलून लाखाच्या घरातलं बिल हातात ठेवतं. फुगा कोणी तपासतच नाही, मग नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. यात गुंतागुंत कसली? हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि काचेच्या लाउंजमधल्या कॉफीने तो झाकला जात नाही.

दुसरा आक्षेप : ही श्रीमंतांची दुखणी, त्यांची कसली कड घ्यायची? याचं उत्तर एका खटल्यात आहे. एका कंपनीने संचालकासाठी मर्सिडीज घेतली. पुढच्या सीटांमधला उंचवटा प्रमाणाबाहेर तापतो, अशी तक्रार होती. गाडी कंपनीच्या नावावर, म्हणजे ती व्यापारासाठी, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा बचाव झाला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये तो फेटाळला. पण त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०२४ उजाडलं. वकिलांची फौज परवडणाऱ्याला इतकी वर्षं लागतात, तर कर्जावर रिक्षा घेणाऱ्याने कोणाच्या तोंडाकडे बघायचं? वॉरंटी दोघांनाही दिलेली असते.

म्हणून मागणी सरळ आहे. ग्राहकाने सांगितलेला दोष त्याच्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहा. सुटा भाग कधी येणार त्याची तारीख द्या, तोवर दुसरी गाडी द्या. आणि वॉरंटीत तोच बिघाड तिसऱ्यांदा झाला, तर दुरुस्तीचा विषय सोडा, गाडी बदलून द्या.