आमची डुलकी आणि तुमचा सल्ला

आपल्या समाजात झोपेलाही जात असते. आमरसावरची झोप, लग्नातल्या जागरणाची झोप, साहेबाच्या भाषणातली झोप, या सगळ्या झोपा खानदानी. मनाच्या आजारावरच्या गोळीने आलेली झोप मात्र पंक्तीबाहेर. माझा राग आहे तो या पंक्तिप्रपंचावर.

गेल्या वर्षी मला नैराश्य झालं. 'झालं' असंच म्हणायचं, कावीळ होते तसं. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन दिली, सकाळ-रात्र. पहिल्याच दिवशी काउंटरवर एका पेन्शनर आजोबांच्या पासबुकावर माझं कपाळ टेकलं. पाया पडतोय असं समजून आजोबांनी तोंडभर आशीर्वाद दिला.

मेंदूला जागं ठेवायला हिस्टामिन नावाचं द्रव्य लागतं. ही गोळी त्याचीच वाट अडवते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते तीही अशीच. म्हणजे शिंकांपायी डुललात तर 'बिचारा!', आणि मनापायी डुललात तर 'नशेच्या गोळ्या घेतो!' वर हिशेबही असा, की झोप पहिल्याच दिवशी नावे पडते आणि गुण जमा व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्वी बाहेरगावचा चेक असाच रमतगमत वटायचा. गिऱ्हाईक माझ्याशी भांडायचं, पण चेक फाडून टाकत नसे.

मी फाडला.

त्याला कारण आमचं फुकट सल्लागार मंडळ. शेजारचे काका म्हणाले, "सवय लागेल रे!" स्वतः चाळीस वर्षं तपकीर ओढतात. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, मन खंबीर करा, गोळ्या कसल्या घेताय?" मेहुण्यांना ब्लडप्रेशरची गोळी रोज लागते. 'तुमच्या धमन्या का नाही खंबीर करत?' असं विचारणार होतो, पण तेवढ्यात मला झोप लागली. इमिप्रामिन ही या गोळीची थोरली बहीण. तिचा गुण रोलॅण्ड कून या स्विस डॉक्टरांनी १९५७ साली जगापुढे मांडला. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर विमा कंपन्यांनाही बजावलं, की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा. विमा कंपनीला बजावता येतं हो, मेहुण्याला कोण बजावणार?

तर मी, चक्रवाढ व्याज तोंडी करणारा बी.कॉम. माणूस, एका सोमवारी गोळ्या परस्पर बंद केल्या. दोन-तीन दिवसांत मळमळ, डोकेदुखी, आणि रात्रीची झोप साफ गायब. जिला शिव्या घातल्या तीच! पुढे पंधरवड्याने तो जुना काळोख परत आला. एका सकाळी दाढीचा ब्रश हातात घेऊन मी आरशासमोर वीस मिनिटं नुसता उभा होतो. आमची ही दारातून पाहत होती. काही बोलली नाही. तिनं ब्रश माझ्या हातातून काढून घेतला, धुतला, जागेवर ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावला. (विनोदी लेखकाने असला परिच्छेद लिहू नये म्हणतात. सल्लागार मंडळासाठी मुद्दाम लिहिला आहे.)

डॉक्टर रागावले नाहीत. गोळी कमी मात्रेपासून पुन्हा सुरू केली आणि सगळी रात्रीवर नेली. म्हणाले, "झोप अनावर झाली तर मला सांगायचं, काकांना नाही. सोडायची वेळ आली की जिना उतरतो तशी सोडू, एकेक पायरी. आणि तोवर स्कूटर बंद."

म्हणून हल्ली बसने जातो. दिवसाची झोप बरीच उतरली आहे, सकाळी थोडी रेंगाळते इतकंच. परवा बसमध्ये काका नेमके शेजारी. सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय रे, अजून चालूच का त्या गोळ्या?"

"हो काका," मी म्हणालो, आणि त्यांच्याच खांद्यावर मान टाकली. "बँकेचा स्टॉप आला की तेवढं उठवा."