आठ बाय चारचं गणित

प्लायवूडच्या दुकानात शिरलात की पहिला प्रश्न येतो, 'किती एमएमचा दाखवू?' आणि लॅपटॉपवर बोटं चालवून पोट भरणारी आपल्यासारखी जनता तिथेच गार पडते. आपल्याला टेबल हवं असतं हो, एमएम कुठून आलं मध्येच? मग आपण मोबाइल काढतो, 'अ‍ॅड टू कार्ट' करतो आणि दोन पावसाळ्यांत कडा फुगलेलं ते टेबल भंगारवाल्याच्या हवाली करतो.

घरातल्या टेबलाचं हे एक वेळ चालून जातं. वर्कशॉपच्या टेबलाची जातच वेगळी. त्यावर हातोडी पडते, करवत चालते, चहा सांडतो आणि कुणीतरी हमखास त्याच्यावर चढून ट्यूबलाइट बदलतं.

माझ्या मावसबहिणीने हिंजवडीतली नोकरी सोडून सिंहगड रोडला एक गाळा भाड्याने घेतलाय. शनिवार-रविवार मुलींसाठी सुतारकामाचे वर्ग! घरच्यांचे चेहरे कसे झाले असतील, कल्पना करा. गाळ्याचं डिपॉझिट भरून झालं, सहा जणींची पहिली बॅच ठरली, त्यांची फीही आली. आता सहा टेबलं हवी होती. एका फर्निचरवाल्याने दिलेलं कोटेशन पाहून ती मला फोनवर म्हणाली, "ताई, सगळे पैसे टेबलांतच गेले तर मुलींच्या हातात काय देऊ? पट्टी आणि पेन्सिल?"

सो, एका मंगळवारी सकाळी आम्ही दोघी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात. मॉलमध्ये रमणाऱ्या पुणेकरांनी एकदा तरी इथे चक्कर मारावीच. ओल्या लाकडाचा वास, हातगाड्यांवर उभे रचलेले प्लाय, करवतीचा तो कान किटवणारा आवाज आणि या सगळ्यात शांतपणे कॅल्क्युलेटर बडवत बसलेले शेठजी.

तिथे कळलेला पहिला फंडा म्हणजे प्लायवूड विकलं जातं ८ बाय ४ फुटांच्या अख्ख्या शीटमध्ये. म्हणजे ३२ चौरस फूट. भाव 'फुटावर' सांगतात, पण बिल बहुतेक वेळा पूर्ण शीटचं होतं. इथेच खरा खिसा कापला जातो. बहिणीच्या कागदावर टेबलाचं माप होतं पाच बाय अडीच. दिसायला एकदम सुटसुटीत. आता ८ बाय ४ मध्ये असे किती तुकडे बसतात? एक. फक्त एक! आडवं ठेवा, उभं ठेवा, दुसरा बसतच नाही. साडेबारा फूट वापरायचे आणि साडेएकोणीस फुटांच्या पट्ट्या घरी न्यायच्या. सहा टेबलांना सहा शीट्स. हिशेबाला सोपं म्हणून फुटाला १०० रुपये धरा (भाव जातीप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे बदलतो, तो तुमचा तुम्ही विचारा), तर झाले १९,२०० रुपये. त्यातले अकरा हजारांच्या वर निव्वळ कटपीसचे.

आता टेबल चार बाय दोनचं करा. एका शीटमधून बरोब्बर चार तुकडे निघतात, भुसा सोडला तर काही उरत नाही. सहा टेबलांना दीड शीट. पण एकच १९ एमएमची फळी घणाघाती कामाला लवलवते. म्हणून फळीवर फळी चिकटवायची, दोन थर, ३८ एमएम. सहा टेबलांचे बारा तुकडे, बारा तुकड्यांच्या तीन शीट्स. त्याच भावाने ९,६०० रुपये. दुप्पट जाड टेबल, निम्म्या पैशांत! शेठजींना हे गणित कागदावर काढून दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

"पण चार बाय दोन लहान नाही का होणार?" बहिणीची शंका रास्त होती. एका मुलीला उभं राहून काम करायला तेवढं पुरतं. आणि मोठं काम निघालं की चार टेबलं एकमेकांना चिकटवायची, पुन्हा ८ बाय ४ तयार. अख्खी शीट त्याच्यावर झोपते. त्यामुळे मापं टेबलावरून ठरवून शीट शोधायला निघू नका. आधी शीट बघा, मग टेबल ठरवा.

आता कुठला बोर्ड? सगळ्यात स्वस्त पार्टिकल बोर्ड. दिसतो छान, सनमायका लावलेला मिळतो, ऑफिसच्या कॉम्प्युटर टेबलाला ठीक. वर्कशॉपला मात्र नकोच. एकदा काढलेला स्क्रू परत त्याच भोकात धरत नाही आणि पाणी लागलं की बिस्किटासारखा फुगतो. एमडीएफ गुळगुळीत आणि सपाट, पण पाण्याशी त्याचंही वैरच, शिवाय कडेला स्क्रू मारला की तिथे फाटतो. ब्लॉकबोर्ड लांब फळ्यांना उत्तम. तुकडे करायचे तर कापलेल्या कडेला आतल्या पट्ट्यांमधल्या फटी दिसू शकतात. उरला प्लायवूड. त्यातही 'एमआर' म्हणजे दुकानाच्या भाषेत कमर्शियल, त्याच्यावर 'बीडब्ल्यूआर' आणि सगळ्यात वर 'मरीन' म्हणून विकला जाणारा 'बीडब्ल्यूपी'. मरीनचं लेबल बघून भुलू नका. आपण टेबल करतोय, होडी नाही. छपराखाली, कोरड्या गाळ्यात एमआर पुरतो. गाळ्यात पावसाळ्यात ओल येत असेल तर बीडब्ल्यूआर घ्या आणि विषय संपवा.

शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याचा आकडा बघा. एमआर आणि बीडब्ल्यूआरला आयएस ३०३, मरीनला आयएस ७१०. शिक्का बघून झाला की कड बघा. थरांमध्ये फटी दिसल्या, तर आत पोकळी असणार. नाण्याने शीटभर टकटक करत जा, आवाज मध्येच बदलला तर दुसरी शीट काढायला सांगा. शेठजी वैतागतील, वैतागू द्या. १९ एमएम म्हणून दाखवलेली शीट टेपने मोजली की कधीकधी १७ भरते, तेही त्यांच्यासमोरच मोजा.

(जाता जाता, या शीट्सचं माहेर बहुतेकदा हरियाणातलं यमुनानगर. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने ईशान्येकडच्या जंगलतोडीवर निर्बंध घातले, तिथल्या प्लायच्या कारखान्यांना कच्चा माल मिळेना, आणि शेताच्या बांधावर लावलेल्या पॉपलर आणि निलगिरीच्या जोरावर यमुनानगर मोठं झालं. शेठजींचं शहराबद्दल एकच मत होतं, 'तिकडे थंडी फार'.)

दोन जुगाडही सांगते. फ्लश डोअर, म्हणजे आपल्या बेडरूमचा साधा सपाट दरवाजा. तीसेक एमएम जाड, तयार कापलेला, कडा बांधलेला. सात बाय तीनचं दार चार पायांवर टाकलं की टेबल तयार. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या सुरुवातीच्या दिवसांत जेफ बेझोसने ऑफिसची टेबलं अशीच दारांची केली होती. चुकीच्या मापाचं म्हणून परत आलेलं दार दुकानात कोपऱ्यात पडलेलं असतं, त्याचा भाव पाडून मिळतो. फक्त ठोकून बघा, आतून भरीव हवं. आणि दुसरा जुगाड, जो मोह टाळाच, तो म्हणजे बिल्डरच्या साइटवरचा जुना सेंटरिंगचा प्लाय. जवळजवळ फुकट मिळतो, पण सिमेंट आणि लपलेले खिळे करवतीचे दात खातात, आणि त्याच्या गुळगुळीत फिल्मवर फेविकॉल धरत नाही.

कापून मात्र दुकानातूनच घ्या. ज्यांच्याकडे मोठं पॅनल सॉ मशीन आहे, ते कटाचे वेगळे पैसे लावतात. ते खुशाल द्या. हातमशीनने कापलेल्या कडेला चिरफळ्या निघतात, आणि १९ एमएमची अख्खी शीट पस्तीस-चाळीस किलोची असते. ती रिक्षात जात नाही, लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर अडकते. चार बाय दोनचा तुकडा नऊ-दहा किलोचा, बगलेत मारून नेता येतो. करवतीचं पातं दर कटाला तीनेक एमएम लाकूड खातं, म्हणून 'बरोब्बर चार फूट' असा हट्ट धरू नका. 'मधोमध कापा आणि सगळे तुकडे एकसारखे द्या' म्हणा. चार बाजू लांबीच्या रेषांकडे धरायची, म्हणजे शीटच्या आठ फुटी अंगाने. पहिला तुकडा हातात आला की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर काटकोन बरोबर, नाही तर मशीन तिथेच थांबवायला सांगा.

आमचे बारा तुकडे अर्ध्या तासात कापून झाले. छोटा हत्ती टेम्पो केला, माल गाळ्यात उतरला. संध्याकाळी दोन-दोन तुकड्यांमध्ये फेविकॉल पसरून, खालून सव्वा इंची स्क्रू मारून, वर मिळेल ते वजन ठेवलं. मिळेल ते म्हणजे फरशा, पाण्याचे कॅन आणि थोडा वेळ मी. वरून सहा एमएमचा हार्डबोर्ड नुसता स्क्रूने बसवलाय, चिकटवलेला नाही. वर्षभर मुलींनी तो हवा तसा खरवडावा, मग तेवढाच काढून नवा टाकायचा. पाय लोखंडी अँगलचे, वेल्डरकडून. बहिणीने तिच्या कोपराच्या चार बोटं खाली येईल एवढी उंची धरली, चौतीस इंच.

वाचलेल्या पैशांतून सहा शिकंजे आणि प्रत्येकीला एक-एक गुण्या आला. रंधे मात्र अजून तीनच आहेत, तेव्हा पहिल्या शनिवारी दोघींत एक.