उकिरड्याचा जमाखर्च

प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे आणि दुसरी जमा, हा आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा. परंतु आपल्या सीमाभागातील शेतकऱ्याच्या घरी एका व्यवहाराची एकच बाजू लिहिली जाते. तो व्यवहार उकिरड्याचा.

पहाटे गोठा झाडणे, शेणाची बुट्टी वाहणे, शेणी थापणे, पिंजार-पाचट गोळा करणे ही सारी कामे घरच्या बाईची. खत शेतात पडले की ते मात्र मालकाचे! मराठीत उकिरडा म्हणा की कन्नडात तिप्पे, बुट्टी तिच्याच डोक्यावर असते.

कचऱ्यातून संपत्ती निर्माण करा, असा उपदेश आपण नेहमी ऐकतो. ती होत नाही याचे कारण खेड्यातील स्त्रियांचे अज्ञान, असेही पुष्कळांना वाटते. मला हे पटत नाही. गोबरगॅसचेच उदाहरण घ्या. त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ साली सुरू झाला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि जवळजवळ तितकेच पाणी त्यात कालवावे लागते. म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे हवीत आणि रोज तीन-चार घागरी पाणी जादा हवे. हे पाणी कोण आणणार? २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. तिच्या दिवसात आणखी एक काम कोठे बसवायचे?

नाडेप खताचे टाके बांधायचे तर विटांना पैसा हवा आणि टाक्याला कायमची जागा हवी. जागा कोणाच्या नावावर? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क कर्नाटकात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत स्त्री-खातेदारांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. खताची माहिती ऐकायला सभेत पुरुष बसतो आणि खड्डा भरते ती स्त्री. मग सभेतले ज्ञान खड्ड्यापर्यंत पोचावे कसे?

"घरचे काम ते घरचेच, त्याचा हिशेब कसला?" असे कोणी म्हणेल. पण तेच खत गाडीभर विकले तर त्याला भाव येतो ना? मालाला भाव आहे, तर तो तयार करणाऱ्या श्रमालाही किंमत असलीच पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. अनुदान पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावे. प्रशिक्षण दुपारच्या मोकळ्या वेळी, वस्तीवर, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतून व्हावे. पाण्याची सोय आधी करावी आणि मग संयंत्राचा आग्रह धरावा. खतविक्रीचा पैसा बचतगटातील तिच्या खात्यावर जमा व्हावा. आणि आपल्यापैकी जे शेतकऱ्यांच्या घरून येतात, त्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर एक बुट्टी स्वतः उचलावी. या व्यवहाराची दुसरी बाजू लिहायला तेथूनच सुरुवात होईल.