पाण्याची नाकेबंदी

इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत गिळंकृत केले आणि चारच दिवसांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव करून इराकचा जगाशी असलेला जवळजवळ सारा व्यापार बंद पाडला. पोटापाण्यासाठी कुवेतला गेलेल्या कित्येक गोमंतकीयांना तेव्हा चालते संसार टाकून अम्मानमार्गे मायदेशी परतावे लागले. त्या आक्रमणाची झळ अशी आपल्या गावांपर्यंत पोहोचली होती. आक्रमकाला शासन झालेच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु जवळजवळ तेरा वर्षे चाललेले ते शासन प्रत्यक्षात कोणी भोगले, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या अध्यायापासून कोणताच बोध घेता येणार नाही.

त्या ठरावातून औषधे वगळली होती आणि मानवतेच्या दृष्टीने निकड असेल तेथे अन्नधान्यालाही सवलत होती. कागदावर हे सारे न्याय्य दिसते. पण इराकचे नागरी जीवन तोपर्यंत विजेवर उभे राहिले होते. नद्यांचे पाणी पंपांनी उचलायचे, शुद्ध करायचे, नळांनी घरोघर न्यायचे आणि सांडपाणीही पंपांनीच बाहेर काढायचे, अशी ती व्यवस्था होती. १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झालेल्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रे निकामी झाली. त्यासरशी ज्यांच्या आसपास एकही बॉम्ब पडला नव्हता, असे पंपही थांबले. घाण पाणी नदीत सुटले आणि लोक तेच पाणी पिऊ लागले. मार्च १९९१ मध्ये राष्ट्रसंघाच्या वतीने पाहणी करून आलेले मार्टी आह्तिसारी यांनी, हा देश यंत्रपूर्व युगात ढकलला गेला आहे, मात्र यंत्रयुगाचे परावलंबन त्याच्या मानगुटीवर तसेच आहे, अशा आशयाचा अहवाल दिला होता.

युद्धाने मोडले ते निर्बंधांनी दुरुस्त होऊ दिले नाही. पाणी निर्जंतुक करणारा क्लोरीन वायू युद्धातही वापरता येतो, म्हणून तो संशयित. पंपांचे सुटे भागही त्याच पंक्तीत. हा संशय निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु निर्बंध समितीतील एका सदस्याच्या हरकतीनेही मागणी अडून राहत असे, आणि तोवर नळाला येणारे पाणी कोणाची वाट पाहत थांबत नाही. शेतीचीही तीच गत. दक्षिण इराकच्या जमिनीत क्षार साचतो. निचऱ्याचे पंप बंद पडले की शिवारे खारावतात. आधीच हा देश आपल्या अन्नाचा मोठा भाग परदेशांतून आणत होता. सप्टेंबर १९९० पासून सुरू झालेल्या शिधावाटपाने लोक जगले खरे, पण घराघरांतल्या चुलीची किल्ली त्याच हुकूमशहाच्या हाती गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच!

सद्दाम हुसेन यांची राजवट यात निर्दोष नव्हती. तेल विकून अन्न आणण्याची १९९१ मध्ये राष्ट्रसंघाने देऊ केलेली सवलत तिने नाकारली आणि पुढे १९९५ च्या ९८६ क्रमांकाच्या ठरावानंतरच तो मार्ग खुला झाला. निर्बंधांमुळे पाच लाख बालके दगावल्याचा जो आकडा तेव्हा जगभर फिरला, त्यामागील पाहणीत इराकी सरकारने हेराफेरी केल्याचेही पुढे संशोधकांनी दाखविले. म्हणून त्या आकड्यावर आम्ही आमचा युक्तिवाद उभा करीत नाही. पण राष्ट्रसंघाचे इराकमधील मदतकार्य सांभाळणारे डेनिस हॅलिडे १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक २००० मध्ये याच धोरणाच्या निषेधार्थ पदत्याग करून गेले, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

नाकेबंदी म्हणजे काय, हे गोमंतकाला ऐकून ठाऊक नाही. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध भारत सरकारने १९५५ पासून गोव्याची आर्थिक कोंडी केली. तिचा हेतू न्याय्य होता. पण मुरगावचे बंदर खुले असल्याने परदेशांतून माल येत राहिला, खनिज बाहेर जात राहिले आणि सालाझार यांचे सिंहासन काही डळमळले नाही. मुक्ती आली ती १९ डिसेंबर १९६१ रोजी, सैन्य आत आल्यावर. त्या कोंडीत सामान्य माणसाच्या घरचे पाणी मात्र तुटले नाही, कारण विहिरीवरच्या राहाटाला वीज लागत नव्हती. आज आपली वीज बव्हंशी राज्याबाहेरून येते आणि ओपाच्या केंद्राचा वीजपुरवठा खंडित झाला की तिसवाडी-फोंड्याच्या नळांना कोरड पडते. इराकचे दुखणे आपणांस परके वाटू नये, ते यासाठी.

१९७७ च्या जिनिव्हा पूरक कराराच्या ज्या कलमाने पिण्याच्या पाण्याच्या योजना आणि सिंचनाची कामे यांवरील हल्ला निषिद्ध ठरविला, त्यात त्यांना चालविणाऱ्या विजेचा स्पष्ट उल्लेख नाही. ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनच्या वीजकेंद्रांवर जे हल्ले चढविले, त्यांतून ही उणीव पुन्हा दिसून आली. अन्न, पाणी आणि वीज यांची दावण एकच आहे. कायद्यानेही ती एकच मानली पाहिजे.

निर्बंधांच्या बाबतीत सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०२२ रोजी एक पाऊल पुढे टाकले. मालमत्ता गोठविण्याच्या तिच्या आदेशांतून मानवतावादी मदत वगळणारा २६६४ क्रमांकाचा ठराव चौदा मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेले एकमेव राष्ट्र होते भारत! दहशतवादी टोळ्या या सवलतीचा गैरफायदा घेतील, ही आपल्या सरकारची भीती अनुभवातून आलेली आहे. पण क्लोरीन अडविणाऱ्यांचाही युक्तिवाद असाच होता. संशयावरचा उपाय तपासणी हा आहे. पुरवठा बंद करणे हा नव्हे. पाणी, सांडपाणी आणि त्यांना लागणारी वीज यांची यंत्रसामग्री व रसायने कोणत्याही निर्बंधांतून प्रथमच वगळावीत आणि त्यांच्या वापरावर जागेवर देखरेख ठेवावी, असा आग्रह भारतानेच आता धरावा. तहानलेल्याला पाणी नाकारू नये, हा आपल्याकडे घरोघर पाळला जाणारा धर्म आहे. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातही तो पाळला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.